एकशे बारा ग्रॅम

हातिमभाई म्हणाले, आधी सांगा,
भिजायचं कोणाला नाहीये?
तुम्हाला, की पिशवीला?

रास्ता पेठेतलं दुकान. वर टांगलेली चाकं,
नव्या रबराचा वास,
आणि काउंटरवर पाच जाकिटं.

मी म्हटलं, पिशवीला.
पिशवीत केळुसकरांच्या प्रेसची प्रुफं असतात,
कोथरूडहून शनिवार पेठेत, एकोणतीस वर्षं, सायकलवर.
मी भिजले तर वाळते.
कागद वाळला तरी फुगतो,
आणि फुगलेल्या कागदावर ऱ्हस्व-दीर्घ कोणी ओळखावं.

पहिलं जाड. शिवणींवर आतून पट्ट्या.
यात थेंब शिरणार नाही, ते म्हणाले.
घालून उभी राहिले पंख्याखालीच, दोन मिनिटं,
आणि गळ्यापाशी माझा स्वतःचा पाऊस सुरू झाला.
भाद्रपदातला उकाडा
त्या कंपनीला कोणी कळवलेला नसावा.

दुसऱ्याच्या लेबलवर मराठीत छापलेलं: जलरोदक.
हात आपोआप कानामागच्या पेन्सिलीकडे गेला.
पाण्यासाठी रडणारं, की पाण्याला रडवणारं?
हे ठेवून द्या, हातिमभाई म्हणाले,
पावसात थांबून तुम्ही तेच वाचत बसाल.

तिसरं आणि चौथं
वॉटरप्रूफ नव्हती, वॉटर-रेझिस्टंट होती.
म्हणजे?
"प्रूफ म्हणजे येऊच देत नाही.
रेझिस्टंट म्हणजे
नको नको म्हणत येऊ देतं."
कोशात इतकं नेमकं सापडत नाही. मी लिहून घेतलं.
तसाही प्रूफ या शब्दावर माझा भरवसा नाही.
चारदा तपासलेल्या पुस्तकाच्या
पाठकोऱ्यावर काही नसतं, म्हणून तेवढं निर्दोष.

पाचवं त्यांनी मुठीतून काढलं.
स्वतःच्याच खिशात दडपलेलं, पोपटी,
सोडल्यावर सुस्कारा टाकून मोठं झालं.
छर्रे तोलायच्या काट्यावर ठेवलं:
एकशे बारा ग्रॅम.
एक मध्यम कांदा, मी म्हटलं.
सोललेला, ते म्हणाले.

बाह्या लांब, कारण हात पुढे जातात.
पाठ चार बोटं खाली, मागच्या चाकाच्या चिखलासाठी.
टोपी नाही. टोपी कशाला,
तुम्ही मान वळवता, टोपी समोरच बघत राहते,
आणि बाजूनं रिक्षा.

राखाडी नाही का हो? या वयात पोपटी...
"बाई, राखाडी जाकिटातून पीएमटी दिसते.
पीएमटीला राखाडी जाकीट दिसत नाही."

तेवीसशे रुपये.
माझी एकशे पंधरा पानं झाली, खाडाखोड धरून.
तीन पानं कमी केली त्यांनी,
वर ब्रेकच्या तारेला तेल.

मग आठ दिवस ऊन पडलं.
कांदा पिशवीत, प्रुफांच्या शेजारी,
नव्या सुनेसारखा गप्प.

नवव्या दिवशी खडकवासल्यातून पाणी सोडलं,
भिडे पुलावर आडवा बांबू, पोलीस छत्रीत.
झेड पुलावर वळले तर मध्यावर पावसानं गाठलं,
खाली नदी, वर नदी,
एका पायावर उभं राहून जाकीट चढवलं, पिशवी पोटाशी, आत,
चेन हनुवटीपर्यंत.
मागून कोणी तरी हॉर्न वाजवला. दिसत होते तर.

नको नको म्हणत खांद्यांवर थोडं आलंच.
पिशवी कोरडी. केळुसकरांनी हात लावून पाहिली,
मला नाही लावला.

टेबलाशी बसले, पान शहाऐंशी,
आणि टोपी नसलेल्या केसांतून
एक थेंब सुटून नेमका ओळीवर.
टिपकागद दाबला, तर त्याखाली: पाणि.
दुसरी वेलांटी ऱ्हस्व.
तीनदा नजरेखालून गेलेली.

समासात खूण केली. ओली होती, पसरली.

खिळ्यावर पोपटी ठिबकत होतं.
संध्याकाळी घडी घालायला घेतली,
चौपदरी केली, गुंडाळी केली, हवा काढली,
गुडघ्यानं दाबली,
त्या खिशात काही ती परत जाईना.
दुकानात गेली होती.